गाडी इथपर्यंतच

चिंचवड स्टेशनजवळ प्रवासी गाड्या भाड्याने देणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी अठरा वर्षे व्यवस्थापक होतो. कंपनी म्हणजे मालक, दोन बसगाड्या, एक जुनी मोटार आणि मी. आमची बहुतेक गिऱ्हाइके पिंपरी, चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांतली. खात्याची सहल, लग्नाचे वऱ्हाड, मुलगी बघायला जाणारी मंडळी. लोक मला विचारतात, "एवढं फिरलात, काय काय पाहिलंत?" खरे सांगायचे तर फार थोडे पाहिले. नाशिक, पैठण, वाई, कोल्हापूर या गावांना मी कितीतरी वेळा गेलो, पण प्रत्येक ठिकाणी माझा मुक्काम गाडी जिथे अडते तिथे. तिथून कळस दिसतो, घंटा ऐकू येते, मंडळी फुलांच्या पुड्या घेऊन आत जातात, आणि मी चाकाला दगड लावून उभा. त्यामुळे या गावांतल्या देवांपेक्षा तिथल्या पाट्या मला जास्त पाठ आहेत.

बाहेरगावच्या माणसाला हा प्रकार नवा असतो. तो म्हणतो, पैसे भरून गाडी केली आहे, मग गाडी देवळाच्या पायरीशी का लागत नाही? पण जुनी गावे वसली तेव्हा गल्लीत घोडा वळला म्हणजे झाले, पालखी गेली म्हणजे पुष्कळ झाले. आमची मोठी बस आठ फूट रुंद, आरसे धरले तर नऊ. वाईत एक गल्ली आहे, तोंडाशी दहा फूट आणि पुढे एका ओट्यापाशी साडेसात. तोंड पाहून आत शिरलेला ड्रायव्हर ओट्यापाशी देवाचे नाव घेतो. म्हणून पोलीस पाट्या लावतात. काही ठिकाणी एकेरी वाहतूक, काही ठिकाणी जड वाहनांना प्रवेश बंद, कुठे अमुक वेळेतच बंद. त्या पाट्या त्रास द्यायला लावलेल्या नसतात, हे मी प्रत्येक सहलीत निघण्याआधी सांगत असे. ऐकत कोणी नसे.

माझे नियम साधे होते. गावात शिरताना आधी पाटी शोधायची, मग देऊळ. रस्ता दुकानदाराला विचारायचा नाही, टांगेवाल्याला विचारायचा. दुकानदार बोट दाखवून म्हणतो, "हे काय, समोरच." तो पायी चालणारा माणूस, त्याचे समोर वेगळे. टांगेवाल्याला चाके असतात, त्यामुळे तो वळणे धरून सांगतो. आणि शंका असेल तिथे बांबू. गाडीच्या रुंदीहून वीतभर जास्त असा एक बांबू मी कापून घेतला होता. आमचा क्लीनर पांडुरंग तो आडवा धरून गल्लीत पुढे चालत जाई. बांबू गेला तर गाडी जाणार. पुण्यात कसब्याजवळ एकदा एका गृहस्थांनी ओसरीवरून हटकले, "काय हो, कुणाची तयारी?" पांडुरंग म्हणाला, "अजून कुणाची नाही, काका. माप घेऊन ठेवतोय."

पाट्यांवरून वाद व्हायचे ते बहुतेक सम-विषम तारखांवरून. रस्त्याच्या एका बाजूला सम तारखेला गाडी उभी करायची, दुसऱ्या बाजूला विषम तारखेला, असा तो नियम. तळवड्याचे एक वऱ्हाड घेऊन आम्ही पुण्याच्या पेठेत गेलो होतो. नवऱ्या मुलाचे मामा स्वतःची जीप घेऊन आले होते. त्यांना मी बजावले होते, आज विषम आहे, डाव्या हाताला लावा. मामांनी उजव्या हाताला लावली. हवालदार आला. मामा शांतपणे म्हणाले, "दादा, आज काय हाय? चतुर्थी. येक, दोन, तीन, चार. सम झाली का न्हाई?"

हवालदार म्हणाला, "मामा, सरकार तिथीवर चालत नाही."

"मंग लगीन कशावर लावलंया? त्ये बी सरकारनंच लावायचं व्हतं!"

हवालदाराला हसू आले आणि मामा सुटले. पण दर वेळी असे होत नाही. मी हिशेबाला पक्का माणूस. पाटीच्या पलीकडे गाडी घालायची नाही, हा माझा नियम मी अठरा वर्षे पाळला. एकदाच मोडला. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा हिवाळा. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या फाउंड्री खात्याची नाशिकची सहल होती. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून पहाटे निघून त्याच दिवशी परत यायचे, कारण दुसऱ्या दिवशी बहुतेकांची सकाळची शिफ्ट. सहलीचा पुढारी काशिनाथ. फाउंड्रीत क्रेनला माल बांधून देण्याचे आणि हाताच्या खुणांनी क्रेन हलवायला लावण्याचे त्याचे काम. तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने आईला बरोबर आणले होते. यमुनाबाई तिचे नाव, पण सगळी गाडी तिला आईच म्हणत होती. साठी उलटलेली. तरुणपण रस्त्यावर खडी फोडण्यात गेलेले, त्यामुळे गुडघे कामातून गेलेले. गाडीत चढताना दोघांनी हात दिले तर म्हणाली, "हात नका देऊ, दांडा कुठं धरायचा त्यो दावा."

चाकणला चहासाठी थांबलो. काशिनाथ कपबशी घेऊन माझ्याजवळ आला.

"मॅनेजरसाहेब, एक काम होतं. आईला पंचवटीत रामाच्या देवळापर्यंत न्यायचंय."

"सगळेच जाणार आहेत दर्शनाला."

"दर्शन नाही हो. आम्ही बौद्ध. तिला दरवाजा बघायचाय."

मला कळले नाही. मग त्याने सांगितले. तीस सालच्या सुमारास त्या देवळात जाऊ द्यावे म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा त्याची आजी सिन्नरजवळच्या गावाहून चालत नाशिकला गेली होती, आणि बारा-तेरा वर्षांची यमुना तिच्याबरोबर होती. दोघी देवळाच्या दरवाज्यापुढे बसल्या. दरवाजा उघडला नाही. त्यानंतर यमुनाबाई पुन्हा कधी तिकडे गेल्या नाहीत.

"डॉक्टर काय म्हणतो माहितीये?" काशिनाथ म्हणाला. "चालून घ्या म्हणतो, यंदा चालताय तेवढं. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. तिनं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही, साहेब. हे पहिलंच."

माझी आत्या पंचवटीत राहायची. लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्याकडे जात असू, तेव्हा ती सांगायची की मध्यंतरी एक वर्षभर देवळाची दारे बंद होती. ती कोणासाठी बंद होती हे तिने कधी सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही. चाकणच्या त्या हॉटेलपुढे उभे राहून चहा पिताना मला ते पहिल्यांदा जाणवले.

"जितकी जवळ नेता येईल तितकी नेऊ," मी म्हणालो.

नाशिकला पोहोचलो तर पौर्णिमेची गर्दी. पंचवटीच्या अलीकडेच हवालदार उभा. टांगे, रिक्षा, सगळे बंद. गाड्यांसाठी नेमून दिलेले मैदान लांब होते. तिथून देवळापर्यंत चांगल्या पायांच्या माणसालाही दमवणारी वाट. पण एक जागा मला ठाऊक होती. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक धर्मशाळा आहे, तिच्या मागे मोकळे पटांगण. बाहेरून वळसा घेऊन तिथपर्यंत मोठी गाडी नेता येत होती आणि त्यावर बंदी नव्हती. फक्त शेवटी उलटी घालावी लागायची. मागे येत येत डावीकडे वळले तर पटांगण. न वळता सरळ मागे गेले तर गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी पाटी.

आमचे ड्रायव्हर उस्मानभाई. वीस वर्षे स्टीअरिंगवर घालवलेला माणूस. पण त्या दिवशी पांडुरंग तापाने घरी होता, म्हणून मागून खुणा करायला काशिनाथ उतरला. मी म्हणालो, "जमेल ना?" तो म्हणाला, "साहेब, पाच टनांचा साचा मी दोन बोटांवर फिरवतो." मी निश्चिंतपणे धर्मशाळेच्या रखवालदाराशी बोलायला गेलो.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. गाडीचा क्लीनर ड्रायव्हरला थांबवताना गाडीच्या पत्र्यावर थाप मारतो. थाप ऐकू येईपर्यंत ड्रायव्हर येत राहतो. फाउंड्रीत थाप मारून कोणाला ऐकू जाणार? तिथे क्रेन थांबवायची तर माणूस मूठ मिटतो आणि हात वर स्थिर धरतो. काशिनाथने वळणाच्या जागी मूठ मिटली, हात वर धरला आणि पुतळ्यासारखा उभा राहिला. उस्मानभाईंनी आरशात पाहिले, हात हलत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, आणि ते येत राहिले. काशिनाथ मूठ आणखी घट्ट करत मागे सरकत गेला. शेवटी खरखर असा आवाज झाला.

मी धावत आलो. निम्मी गाडी गल्लीत, निम्मी बाहेर. एका अंगाला दगडी ओटा, दुसऱ्या अंगाला विजेचा खांब.

"थाप का नाही मारली?" उस्मानभाई खिडकीतून ओरडले.

"मूठ दिसली नाही का?"

"मूठ? मला वाटलं, जय म्हणतोयस!"

आतली मंडळी हसायला लागली. तेवढ्यात हवालदार आला. चांगला पोक्त, घामाघूम झालेला माणूस. "पाटी दिसत नाही? गाडी काढा आधी." मागून येणाऱ्या गर्दीला त्याने हात करून पलीकडच्या गल्लीने वळवायला सुरुवात केली.

पाटी नेमकी आईच्या खिडकीला आली होती, हात लावता येईल इतकी जवळ. तिने विचारले, "काय लिव्हलंय रं त्येच्यावर?"

गाडीतले हसणे थांबले. काशिनाथ खाली ओट्याशी उभा होता. त्याने पाटीकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि म्हणाला, "काही नाही, आई. असंच."

हवालदाराने ऐकले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! तो म्हणाला, "प्रवेश बंद लिहिलंय, आजी."

ती म्हणाली, "अजून?"

एवढा एकच शब्द. हवालदार आमच्या तोंडाकडे बघत राहिला.

मी पुढे झालो. "आई, ती गाड्यांसाठी आहे. माणसांसाठी नाही."

"तुमी म्यानेजर ना? समदं वाचा. आदीपासनं."

मी वाचले. "जड वाहनांना प्रवेश बंद. पोलीस खाते."

"मानसांचं कायबी न्हाई?"

"काही नाही."

"मंग मला उतरवा."

पुढचा दरवाजा गल्लीच्या बाहेर राहिला होता. तिथून उतरले तर ओटा ओलांडून यावे लागले असते, आणि ते तिच्या गुडघ्यांना शक्य नव्हते. पण गाडीच्या मागच्या अंगाला संकटकाळी उघडायचा दरवाजा होता, आणि तो बरोबर गल्लीच्या आत उघडत होता. एवढ्या वर्षांत आम्ही तो कधी वापरला नव्हता. कडी गंजली होती. फाउंड्रीच्या दोघा पोरांनी ठोकून ती काढली. आई दोन्ही बाजूंच्या बाकांना धरत गाडीच्या मधून चालत मागे आली. खाली उतरायला उंची बरीच होती. काशिनाथ आणि त्याचा एक दोस्त हात पुढे करून म्हणाले, "आई, बस आमच्या हातांवर. अशीच देवळापर्यंत नेतो. अल्लद. कळणारसुद्धा नाही."

"उचलायचं न्हाई!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की हवालदारानेही वळून पाहिले. "त्या टायमाला शिपायानं मला उचललं आन् लांब नेऊन ठिवलं. शेळीचं करडू न्यावं तशी. आता कुणी उचलायचं न्हाई."

मग जेवणाच्या डब्यांची ट्रंक खाली लावली. तिच्यावर पाय देऊन ती स्वतः उतरली.

"म्यानेजर, तुमी चला माज्यासंगं."

"मी? मला गाडीपाशी थांबायला हवं, आई."

"वाचायला कोण? फुडं अजून पाट्या असतील."

मी उस्मानभाईंकडे गेलो. "भाई, गाडी निघेल का?"

त्यांनी खांबाकडे पाहिले, ओट्याकडे पाहिले, मागच्या दरवाज्यापाशी काठीवर रेलून उभ्या असलेल्या बाईकडे पाहिले. मला त्या गाडीची माहिती होती. पुढचे चाक जरा उजवीकडे घेतले असते तर ती एका दमात सुटली असती. उस्मानभाई म्हणाले, "निघेल की. पण अवघड आहे, साहेब. वेळ लागेल. तुम्ही या जाऊन." आणि त्यांनी बिडी पेटवली.

"किती वेळ?" हवालदाराने विचारले.

"आईंना परत यायला लागेल तेवढा," उस्मानभाई म्हणाले.

हवालदार काही बोलणार होता. मग त्याने गाडीचा उघडा मागचा दरवाजा पाहिला, त्यापलीकडे आमच्या गाडीने अडवल्यामुळे ओस पडलेली गल्ली पाहिली. "लवकर काढा, लवकर काढा," असे तो चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला आणि पाठ फिरवून गर्दी वळवू लागला.

पौर्णिमेच्या दिवशी पंचवटीतली ती गल्ली कोणी रिकामी पाहिली असेल असे मला वाटत नाही. एरवी त्या गर्दीत तिला धक्के खात एक पाऊलही टाकता आले नसते. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. चार पावले, मग थांबणे. काशिनाथ मागे, हात पुढे धरून पण न लावता. मी बाजूला.

"ह्ये काय लिव्हलंय?"

"येथे थुंकू नये."

"आन् ह्ये?"

"दाढी-कटिंगचं दुकान."

"ह्ये?"

"खोली भाड्याने मिळेल."

"त्याखाली हाय की अजून."

खाली बारीक अक्षरात होते. मी घुटमळलो. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी वाचले, "शाकाहारी कुटुंबास."

"आता लिव्हायला शिकली मानसं," ती म्हणाली आणि भिंतीवरचा हात पुढे सरकवला.

एका ओट्यावर ती बसली. श्वास लागला होता. काशिनाथ म्हणाला, "आई, झालं ना? इथून दिसतोय बघ कळस. परत जाऊ." ती मला म्हणाली, "म्यानेजर, तुमच्या मानसांची शिफ्ट हाय ना उद्या? उशीर व्हतोय न्हवं?" होत होता. परतीचा हिशेब मी मनात केला होता आणि तो जमत नव्हता. मी म्हणालो, "नाही. वेळ आहे." ती उठली.

दरवाजा समोर आला तेव्हा तिने मान वर करून कमान पाहिली नाही. ती खालची फरशी पाहत राहिली. मग काठीने एक जागा दाखवली. "हितं. माजी आय हितं बसली व्हती. मी तिच्या मांडीला टेकून. ऊन इतकं, का दगूड पोळायचा." ती त्या जागी उभी राहिली. येणारीजाणारी माणसे तिला वळसा घालून आत जात होती.

दरवाज्याशेजारी एक पाटी होती. तिने बोट केले.

"चपला बाहेर काढाव्यात," मी वाचले.

"समद्यांनी?"

"सगळ्यांनी."

दाराशी व्यवस्थेला बसलेला एक माणूस तिची अवस्था पाहून उठला. त्याचा सूर खरेच आपुलकीचा होता. "आजी, या आत. गर्दीत उभ्या राहू नका, मी बाजूने सोडतो. दर्शन घ्या."

काशिनाथने मान खाली घातली. मला वाटले, ती आता काहीतरी जोराचे बोलणार. तिने दोन पावले पुढे टाकली आणि दाराच्या जाड लाकडी फळीवर तळहात ठेवला. जरा ढकलून पाहिले. फळी भिंतीला कडीने अडकवलेली होती, हलली नाही.

"रातच्याला लावता?" तिने त्या माणसाला विचारले.

"शेजारतीनंतर लावतो. पहाटे उघडतो."

"रोज?"

"रोज, आजी. या ना आत."

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "मला आत न्हाई यायचं. उगडं हाय का, एवढंच बगायचं व्हतं."

तिने हात काढून घेतला, पदराने पुसला आणि काठी वळवली. काशिनाथ पुढे झाला, तर या वेळी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला," ती म्हणाली. "पोरांची सकाळची शिफ्ट हाय."

परतताना तिने मला एकही पाटी वाचायला लावली नाही.